हृदय दुबळे का होते?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



पारितोषिक-वितरण आटोपल्यावर आणि पाने मांडली जाण्यापूर्वी जो पाऊण तास उरतो तो वक्त्याच्या वाट्यास यावा, ही आपल्या संमेलनाची जुनी रीत आहे. हा पाऊण तास मोठा कठीण. मुलांचे लक्ष बक्षिसाच्या पुस्तकांत आणि वडीलधाऱ्यांचे मुदपाकखान्यातून येणाऱ्या वासाकडे. एखादा हलकाफुलका विषय घ्यावा, असे चिटणीसांनी आम्हांस सुचविलेही होते. तरी आम्ही हृदयविकाराचा विषय घेतला, याचे कारण आपल्या स्मरणिकेतच आहे.

स्मरणिकेच्या शेवटी दरवर्षी दुखवट्याची दोन पाने असतात. मागील काही वर्षांची ती पाने आम्ही काढून पाहिली. नाव, वय, गाव, आणि मग बहुतेक ठिकाणी एकच वाक्य : 'हृदयक्रिया बंद पडून निधन झाले.' आता, हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणीच जात नाही. तेव्हा हे निधनाचे कारण नव्हे, ती निधनाची व्याख्या झाली. परंतु या वाक्याने आपल्या मनांत एक घोटाळा करून ठेवला आहे. 'हार्ट फेल' हा शब्द आपण ऐकतो तो याच अर्थाने. फुंकर बसून दिवा विझावा तसे हृदय थांबले, असे समजतो. वैद्यकशास्त्रात हार्ट फेल्युअर म्हणजे थांबलेले हृदय नव्हे. ते चालूच असते. किंबहुना पुष्कळदा तुमच्या-आमच्या हृदयापेक्षा अधिक वेगाने चालू असते. मात्र शरीरास पुरेल इतके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलताना त्याच्या कप्प्यांतील दाब भलताच वाढतो. ही अवस्था महिनोन् महिने, अनेकदा वर्षानुवर्षे टिकते. आणि त्या वर्षांत करण्याजोगे पुष्कळ असते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आपल्यापैकी अनेक जण 'अण्णा' म्हणूनच ओळखत, त्यांचे नाव २०१६ च्या दुखवट्यात याच वाक्यासह छापले आहे. ते वाक्य आम्हीच लिहून दिले होते. ते चुकले होते, हे आज सांगावयाचे आहे. पण त्यासाठी प्रथम पेशीकडे जावे लागेल. आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविले, तेव्हा ही सवय आता सुटणे नाही.

हृदय म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा, मुठीएवढा स्नायू. दिवसाकाठी त्याचे एक लाखाच्या आसपास ठोके पडतात आणि विश्रांतीच्या वेळीदेखील मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त त्यातून पुढे जाते. हे काम करणारी एकेक स्नायुपेशी साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी लांब असते. तिच्यात लांबीच्या दिशेने दोऱ्या ओवलेल्या असतात आणि प्रत्येक दोरीवर अतिसूक्ष्म खण एकापुढे एक लागलेले असतात. खणात दोन जातींचे तंतू : जाड ते मायोसिनचे, बारीक ते ॲक्टिनचे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे हे तंतू एकमेकांत सरकले की खण आखूड होतो; सारे खण एकदम आखूड झाले की पेशी आकुंचन पावते. तंतू स्वतः आक्रसत नाहीत, केवळ सरकतात, हे १९५४ साली दोन निरनिराळ्या जोड्यांनी 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडले. एका जोडीत अँड्र्यू हक्सली होते, दुसरीत ह्यू हक्सली. आडनाव एक, पण दोघांचे नातेगोते काही नाही. आपल्या मंडळात असे कोणी म्हटले तर आपण त्याची वंशावळ मागितल्याशिवाय राहणार नाही!

हे तंतू सरकण्यास इशारा लागतो, आणि तो इशारा देते कॅल्शियम. हे कसे कळले ती हकीकत सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे वैद्य बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात चालते ठेवण्याचे प्रयोग करीत असत. १८८२ साली त्यांनी लिहिले की, अशा द्रावणात हृदय उत्तम चालते. पुढे ध्यानात आले की, ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात केलेलेच नव्हते. ते लंडनच्या नळाचे पाणी होते. शुद्ध पाण्यातील द्रावण वापरताच हृदयाचे ठोके दुबळे होत होत थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? चुन्याचा अंश, म्हणजेच कॅल्शियम. तो परत घालताच हृदय पुन्हा चालू लागले. रिंगर यांनी आपली चूक न लपविता १८८३ साली ती छापली. आमच्या मते हा त्यांचा दुसरा मोठेपणा.

पेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते. प्रत्येक ठोक्याच्या वेळी बाहेरून थोडेसे कॅल्शियम आत शिरते, त्या हाकेसरशी कोठाराची दारे उघडतात आणि आतला साठा तंतूंवर पसरतो : आकुंचन. लगेच दुसऱ्या क्षणी 'सर्का' नावाचे प्रथिन तो साठा उपसून पुन्हा कोठारात भरते : प्रसरण. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकुंचनास शक्ती लागते हे सर्वांस पटते. परंतु सैल होण्यासही शक्ती लागते, हे चटकन पटत नाही. मृत्यूनंतर शरीर ताठते ते याचसाठी. शक्ती संपली की तंतू एकमेकांना धरून बसतात, सुटत नाहीत. ही शक्ती एटीपी नावाच्या द्रव्यातून मिळते, आणि ते इतक्या वेगाने खर्चले व पुन्हा घडविले जाते की, एका हृदयाचा दिवसाचा हिशेब सुमारे सहा किलो भरतो. म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपट. हातावर पोट असलेल्या घरासारखी या पेशीची स्थिती आहे. शिल्लक काही नाही, रोज मिळवावयाचे आणि रोज खावयाचे.

अण्णांची गोष्ट २०११ साली सुरू झाली. वय त्रेसष्ट. प्रथम जिना चढताना दम लागू लागला. वय झाले, असे आम्ही सर्वांनी म्हटले. मग घोट्यांवर सूज आली. बोटाने दाबले की खळगा पडे आणि तो भरून येण्यास वेळ लागे. उभे राहून काम केल्याने असेल, असे ठरले. मग रात्री एक उशी पुरेनाशी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, आणि एके रात्री वहिनींना जाग आली तो अण्णा खिडकीचे गज धरून उभे राहून श्वास घेत होते. चार महिने आम्ही दमा, पित्त, पावसाळी हवा अशी नावे बदलीत राहिलो. आम्ही, म्हणजे घरातील जीवशास्त्राचे प्राध्यापक. अखेर इको काढला. डाव्या जवनिकेतील रक्तापैकी प्रत्येक ठोक्यास निम्म्याहून अधिक बाहेर पडावयास हवे, ते शेकडा पंचवीसच पडत होते. रोहिण्यांत अडथळा नव्हता, रक्तदाबही वाढलेला नव्हता. हृदयाचा स्नायूच पसरून दुबळा झाला होता.

अशा वेळी पेशीत काय घडलेले असते? आरंभ कसाही होवो. झटका येऊन स्नायूचा एखादा भाग मेलेला असो, रक्तदाबाने वर्षानुवर्षे भार टाकलेला असो, झडप खराब असो, विषाणूने सूज आणलेली असो, मद्याचा परिणाम असो, की जन्मतःच एखाद्या प्रथिनात दोष असो. पुढची वाट बरीचशी सारखी असते. भार वाढला की पेशी नवे तंतू घडविते. दाबाचा भार असेल तर शेजारी शेजारी घडविते आणि जाड होते. रक्ताच्या जादा साठ्याचा भार असेल तर टोकास टोक लावून लांब होते. तालमीतील मल्लाचे हृदयही मोठे होते, पण त्याच्या पेशींना विसावा मिळतो आणि रक्तवाहिन्याही त्याच प्रमाणात वाढतात. आजारी हृदयास रात्रीचीही सुट्टी नसते.

मग पेशी एक विलक्षण गोष्ट करते. गर्भावस्थेत चालू असलेली आणि जन्मानंतर मिटविलेली काही जनुके ती पुन्हा उघडते. गर्भातील हृदयास प्राणवायू कमी मिळतो, म्हणून ते प्रामुख्याने साखर जाळून काटकसरीने चालते; प्रौढ हृदय मुख्यतः स्निग्धाम्ले जाळते. दुष्काळ पडला की पक्वान्नाचे घर आंबिलीवर यावे, तशी ही पेशी जुन्या काटकसरीच्या संसाराकडे वळते. चार दिवस हे शहाणपणाचेच असते. पण दुष्काळ संपत नाही. तंतुकणिका, म्हणजे पेशीच्या चुली, खराब होऊ लागतात, आणि विकार फार पुढे गेलेल्या हृदयात एटीपीचा साठा शेकडा तीस-चाळीसने उतरलेला आढळतो.

याच जुन्या जनुकांतून हृदय एक रसही पाझरू लागते. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तो त्यांना भराभर लघवी होऊन मीठ बाहेर पडू लागले. हृदय हा नुसता पंप नव्हे, ती एक ग्रंथीही आहे, हे तेव्हा कळले. दुसरा असाच रस १९८८ साली जपानमध्ये डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याचे नाव मेंदूवरून पडले. ताणलेली जवनिका तो विपुल सोडते हे मागाहून समजले. आज दम लागलेल्या माणसाचे रक्त तपासून 'हे हृदयाचे की फुफ्फुसाचे?' हे ठरविण्यास मदत होते ती याच रसाच्या मोजणीने. अण्णांच्या बाबतीत चार महिने आम्ही ज्याचा खल केला, ती गोष्ट रक्ताच्या एका नळीने सांगितली असती.

आणि कोठार? तेथे दुहेरी नुकसान होते. साठा परत भरणारे सर्का कमी पडते, आणि कोठाराची दारे नीट न मिटता गळू लागतात. इशाऱ्याच्या क्षणी पुरेसे कॅल्शियम नाही, म्हणून आकुंचन दुबळे. विसाव्याच्या क्षणी ते पुरते ओसरत नाही, म्हणून प्रसरण अपुरे. हृदय नीट सैल झाले नाही की त्यात रक्त भरताना दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांवर चढतो आणि आडवे होताच जीव घाबरा होतो. तीन उशांचे रहस्य ते हेच. दोष सर्काचा आहे तर सर्काच वाढवावे, अशा विचाराने त्याचे जनुक विषाणूमार्फत हृदयात घालण्याचा प्रयोग अडीचशे रुग्णांवर झाला. त्याचा निष्कर्ष २०१६ साली छापून आला. गुण आला नाही. एक खिळा ठोकून हे घर सावरत नाही.

आता आमच्या मते या साऱ्या कथेतला जो मर्माचा भाग, तो सांगतो. रक्ताचा पुरवठा कमी पडला की शरीरास वाटते, जखम होऊन रक्त वाहून गेले. त्यास दुसरे काही ठाऊकच नाही. म्हणून ते ॲड्रेनलिनसारखे रस सोडून हृदय जोराने हाकते, आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात. जखमी प्राण्याचे यात प्राण वाचतात. दुबळ्या हृदयावर मात्र हा चाबूक दिवसरात्र पडत राहतो. मोटेचा थकलेला बैल चाबकाने चार खेपा जादा करील. रोज मारीत राहिले तर तो चाबकासही दाद देईनासा होतो. अगदी हेच १९८२ साली ब्रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले : निकामी झालेल्या मानवी हृदयांच्या पेशींवर ॲड्रेनलिनची हाक ऐकणारी जी प्रथिने असतात, त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. पेशीने कान झाकून घेतले होते म्हणा ना. इतकेच नव्हे, तर या माऱ्याने पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींच्या जागी चिवट, न आकुंचणारे तंतुजाल भरते.

बैल थकला तर चाबूक वाढवावा की काढावा? वैद्यकाने प्रथम वाढवून पाहिला. हृदयाचे आकुंचन जोरदार करणारे मिलरिनोन नावाचे औषध गोळीच्या रूपाने सुमारे अकराशे रुग्णांत तपासले, तो मृत्यू शेकडा अठ्ठावीसने वाढले; हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. उलट, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ सालीच सात रुग्णांना ॲड्रेनलिनची हाक अडविणारे, म्हणजे बीटा ब्लॉकर जातीचे औषध देऊन गुण आल्याचे लिहिले होते. दुबळ्या हृदयास आणखी मंद करणारे औषध! पुष्कळांनी ते वेडेपण मानले आणि जवळजवळ दोन तपे त्यावर वाद चालला. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. दोहोंत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. आज या औषधाच्या जोडीला मूत्रपिंडांकडून येणारा चुकीचा हुकूम अडविणारी औषधे असतात, आणि मूळची मधुमेहाची म्हणून निघालेली एक नवी जातही असते. ही औषधे बहुतांशी हृदयास जोर देत नाहीत. ती त्याच्यावरचा मारा थांबवितात. जो काही जोर परत येतो, तो पेशीचा स्वतःचा.

पेशी मेली तर नवी येत नाही काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर मिळाले ते अणुबाँबच्या चाचण्यांमुळे. १९६३ च्या करारापूर्वी वातावरणात झालेल्या स्फोटांनी हवेतील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि पुढे उतरत गेला. हवेतून तो पिकांत आला, पिकांतून आपल्यात. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या कार्बनचा शिक्का तिच्या जनुकद्रव्यावर कायम राहतो. स्टॉकहोमच्या फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयपेशींवरील हा शिक्का वाचला आणि २००९ साली सांगितले : पंचविशीत वर्षाकाठी शेकडा एक पेशी नवी होते, पंचाहत्तरीत शेकडा अर्धीही नाही. जन्मभरात निम्म्याही पेशी बदलत नाहीत. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीत आज ज्या पेशी आहेत, त्यांतील बहुसंख्य पहिल्या वाढदिवशीही होत्या. हृदयाच्या मोठ्या झटक्यात अशा पेशी काही तासांत शंभर कोटी मरू शकतात.

याच २००९ साली आणखी एक शोध लागला, तो आपल्या घरचा. मदुराईचे धंदापाणी, हैदराबादचे थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, मायोसिनच्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांची गळती भारतीय उपखंडातील शेकडा सुमारे चार लोकांत आढळते, आणि उतारवयात हृदय दुबळे होण्याशी तिचा संबंध दिसतो. ही गळती एकटी दोषी की तिच्या सोबतीचा दुसरा एखादा फरक, यावर पुढे मतभेद झाले आहेत, आणि ती असलेले बहुतेक लोक म्हातारपणापर्यंत सुखाने जगतात. आम्हांस गंमत वाटली ती याची की, देशातील बहुतेक भागांत, नाना जातींत, नाना भाषांत ही गळती सापडते. म्हणजे आपण वधूवरसूचक मंडळाच्या नोंदवहीत कितीही रकाने वाढविले, तरी हजारो वर्षांपूर्वीचा हा एक पूर्वज सर्वांचाच आहे. तरीही एका घरात दोघा-तिघांचे हृदय साठीच्या आत दुबळे झाले असेल, तर बाकीच्यांनी इको काढून घ्यावा. लग्न जमविताना ही गोष्ट झाकली जाते, ते आम्हांस नवीन नाही.

असो. अण्णांना औषधे सुरू झाली. आरंभीचे काही आठवडे त्यांना अधिकच थकवा वाटला; बीटा ब्लॉकरचे असे होते, मात्रा हळूहळू चढवावी लागते. मग सूज उतरली. एक उशी सुटली, दुसरी सुटली. २०१४ साली इको काढला तो पंचवीसचे बावन्न झाले होते. त्या दिवाळीला अण्णांनी स्वतः आकाशकंदील टांगला.

येथे चूक झाली. डॉक्टरांनी बजावले होते की गोळ्या थांबवावयाच्या नाहीत. पण २०१५ च्या उन्हाळ्यात अण्णा आम्हांस म्हणाले, "अरे, आता रोज इतक्या गोळ्या कशाला? मला काही होत नाही." त्यांच्या मनात शंका होती म्हणूनच त्यांनी विचारले. आम्ही शिकलेले. आम्ही इकोचा कागद हातात घेऊन म्हणालो, "अण्णा, आकडा तर माझ्याएवढाच आहे. तुम्ही बरे झालात." एवढेच. वहिनींनी दोनदा आक्षेप घेतला. आम्ही त्यांना समजाविले.

बरे झालेले दिसणारे हृदय पेशीच्या पातळीवर खरोखर बरे झालेले असते काय? ज्या रुग्णांच्या हृदयास यांत्रिक पंप लावून काही महिने विसावा दिला, त्यांच्या पेशी तपासल्या आहेत. पेशींचा फुगलेला आकार उतरतो, कॅल्शियमचा व्यवहार काहीसा सुधारतो. पण बदललेल्या जनुकांपैकी पुष्कळशी पूर्वपदावर येत नाहीत, आणि तंतुजालही पुरते विरघळत नाही. २०१९ साली लंडनच्या वैद्यांनी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. पसरलेले हृदय औषधांनी पूर्ववत झालेले एकावन्न रुग्ण, कोणासही काही त्रास नाही. निम्म्यांची औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. सहा महिन्यांत औषधे बंद केलेल्यांपैकी शेकडा चव्वेचाळीस जणांत दौर्बल्य परतले. चालू ठेवलेल्यांत एकातही नाही. त्या रुग्णांवर डोळ्यांत तेल घालून देखरेख होती, म्हणून फरक दिसताच औषधे पुन्हा सुरू करता आली.

अण्णांवर तशी देखरेख नव्हती. सहा-सात महिने ते उत्तम होते, आणि त्यामुळे आमचे मत आम्हांस बरोबर वाटत राहिले. पौषात दुसरी उशी आली. ती वहिनींनी पाहिली, आम्ही पाहिली नाही. इस्पितळात नेले तेव्हा आकडा वीसच्या खाली गेला होता. औषधे पुन्हा सुरू केली. यावेळी पेशींनी ऐकले नाही.

कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, २०१६ च्या स्मरणिकेतील त्या ओळीची दुरुस्ती यंदाच्या अंकात छापावी. 'हृदयक्रिया बंद पडून' याऐवजी 'हृदयस्नायूच्या दौर्बल्याने, औषधे मध्येच थांबविल्यामुळे' असे असावे. वहिनींची संमती आम्ही घेतली आहे.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. प्रवेशद्वाराजवळ आपल्यातील तरुण डॉक्टर रक्तदाब पाहण्यास बसले आहेत. ज्यांना रात्री दोन उशा लागतात, किंवा ज्यांच्या घरी कोणास लागतात, त्यांनी जेवणापूर्वी त्यांना भेटावे. पाने थोडी थांबतील. आम्हीही तेथेच बसणार आहो.